डिझेल ट्रकमध्ये ॲडिटिव्ह टाकायचंय? आधी तक्रार ओळखा, मग बाटली उघडा

ट्रक हातात आला की सल्ले फुकट मिळायला लागतात. एक जण सांगतो, दर टाकीला एक बाटली ओत, इंजिन लोण्यासारखं चालेल. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. दोघांचंही अर्धंच खरं. ॲडिटिव्ह म्हणजे डिझेलमध्ये अगदी थोड्या प्रमाणात मिसळायचं रसायन, आणि प्रत्येक रसायनाचं काम ठरलेलं असतं. इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) साफ करणारं रसायन थंडीत डिझेल गोठायचं थांबवत नाही. गोठणं थांबवणारं रसायन टाकीतल्या बुरशीला हात लावत नाही. म्हणून गाडीला नेमकं काय होतंय हे कळल्याशिवाय बाटली घेण्यात अर्थ नाही, आणि गाडीला काहीच होत नसेल तर बहुतेक वेळा बाटलीचीच गरज नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये आधीच ॲडिटिव्ह असतात. रिफायनरीत किंवा डेपोत वंगणक्षमता वाढवणारं, स्थिर वीज कमी करणारं, थंड हवामानासाठीचं रसायन गरजेप्रमाणे घातलेलं असतं. ‘प्रीमियम’ डिझेलमध्ये बहुधा डिटर्जंटही, म्हणजे इंजेक्टर साफ करणारं रसायनही, असतं. तुम्ही टाकता ते त्याच्यावर आणखी एक थर.

पायरी १: बाटली बाजूला ठेवा, गाडी बघा

काळा धूर येतोय? याचा अर्थ डिझेल जळायला हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त पडतंय. एअर फिल्टर चोंदलाय का, टर्बोपासून इंजिनकडे जाणारा होज फाटलाय किंवा क्लिप सैल झालीय का, हे आधी तपासा. फाटलेला होज कुठलंही डिटर्जंट शिवत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथे ॲडिटिव्हचा काही संबंध नाही. थंड इंजिन चालू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर आला आणि गरम झाल्यावर गेला, तर ते न जळलेलं डिझेल असू शकतं, आणि तिथे मात्र सिटेन (डिझेलची पटकन पेट घेण्याची क्षमता) वाढवणारं रसायन उपयोगी पडू शकतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर जातच नसेल तर मिस्त्रीकडे न्या. कॉम्प्रेशन, कूलंटची गळती, टायमिंग अशी मोठी कारणं असू शकतात.

गाडी लोडवर ओढत नाही ही सगळ्यात नेहमीची तक्रार. तिचं सगळ्यात नेहमीचं कारण चोंदलेला डिझेल फिल्टर. फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तो बदला. ॲडिटिव्हच्या जाहिरातीत ‘पिकअप परत आला’ म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंच काम नवा फिल्टरच करतो.

आता पाण्याची तपासणी. ही एकदा नीट शिकून घ्या, कारण पुढचा निम्मा निर्णय इथेच होतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या म्हणजे पाणी तळाशी बसेल. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी वॉटर सेपरेटरखाली (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) स्वच्छ, पारदर्शक काचेची बरणी धरा आणि त्याच्या तळाची तोटी, म्हणजे ड्रेन कॉक, हळूच सैल करा. वाटीभर डिझेल घ्या, कॉक बंद करा आणि बरणी दहा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, ते तळाशी वेगळा थर करतं. बरणी तिरकी केली की तो थर डिझेलखाली थेंबासारखा सरकताना दिसतो. थर दिसला नाही तरी लगेच समाधान मानू नका. पांढऱ्या कागदावर पेनाने आडव्या रेघा मारा, कागद बरणीमागे धरा आणि डिझेलमधून त्या रेघा बघा. रेघा धारदार दिसल्या तर डिझेल स्वच्छ आहे. धूसर दिसल्या तर पाणी बारीक कणांच्या रूपात डिझेलमध्ये तरंगतंय. आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा पापुद्रा दिसला, वासही आंबूस आला, तर टाकीत जंतूंनी घर केलंय. (काढलेलं डिझेल जमिनीवर किंवा गटारात ओतू नका. वेगळ्या डब्यात साठवून टाकाऊ तेलाबरोबर द्या.)

पायरी २: कोणत्या तक्रारीला कोणतं रसायन

*इंजेक्टरवर कार्बन.* हल्लीच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनमध्ये डिझेलचा दाब २,००० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि इंजेक्टरची सुई व तिची जागा यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. नोझलच्या बारीक भोकांशी कार्बन जमला की फवारा बिघडतो. आयडलिंगला इंजिन थरथरतं, पिकअप मंदावतो, डिझेल जास्त लागतं. इथे डिटर्जंट काम करतं आणि चांगलं करतं. पण ते हळू काम करतं. एका टाकीत फरक दिसेलच असं नाही, तीन-चार टाक्या द्याव्या लागतात. इंजेक्टरची सुई झिजली असेल किंवा आतली इलेक्ट्रिक कॉइल गेली असेल तर मात्र डिटर्जंट कितीही ओता, काही होणार नाही.

*स्टार्टिंगला त्रास, थंड इंजिनचा ठोठो आवाज.* सिटेन नंबर म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचं माप. युरोपच्या ईएन ५९० या मानकात किमान ५१ लागतो, अमेरिकेच्या एएसटीएम डी९७५ मध्ये किमान ४०. हा फरक मोठा आहे. मूळ डिझेलच चांगलं असेल तर सिटेन वाढवणाऱ्या बाटलीचा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. कमी सिटेनचं डिझेल असेल तर सकाळी सेल्फ मारत बसावं लागणं कमी होतं. या बाटल्यांमधलं मुख्य रसायन बहुतेक वेळा २-इथिलहेक्झिल नायट्रेट असतं. पहिल्या थोड्या मात्रेला त्याचा परिणाम जास्त, पुढे ओतत जाल तसा कमी-कमी. दुप्पट टाकून दुप्पट फायदा मिळत नाही.

*पंप-इंजेक्टरची झीज.* डिझेलमधलं गंधक काढताना ज्या प्रक्रियेतून ते नेतात, त्यात वंगण करणारे इतर नैसर्गिक घटकही निघून जातात. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी २००६ पासून १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) आणि युरोपात २००९ पासून १० पीपीएम गंधकाची मर्यादा आली, तेव्हापासून वंगणक्षमतेचा विषय पुढे आला. तिची चाचणी अशी: ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी तबकडीवर घासतात आणि गोळीवर झीज झालेल्या डागाचा व्यास मोजतात. ईएन ५९० मध्ये तो ४६० मायक्रॉनपेक्षा जास्त चालत नाही, डी९७५ मध्ये ५२० पर्यंत चालतो. मानकाप्रमाणे मिळणाऱ्या डिझेलला वंगणाची वेगळी बाटली लागू नये. त्यात दोन टक्क्यांच्या आसपास बायोडिझेल मिसळलेलं असेल तर मुळीच लागू नये, कारण तेवढं बायोडिझेल स्वतःच चांगलं वंगण असतं. डिझेलचा भरवसा नसेल अशा ठिकाणी, आणि जुना रोटरी पंप असेल तर, ही बाटली जवळ असलेली बरी.

*थंडी.* डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतं. थंडी वाढली की एका तापमानाला त्याचे स्फटिक दिसायला लागून डिझेल गढूळ होतं, तो क्लाउड पॉइंट. आणखी खाली गेलं की स्फटिक फिल्टर बंद करतात आणि गाडी चालता चालता बसते. अँटी-जेल रसायन मेण काढून टाकत नाही, स्फटिक बारीक ठेवतं, म्हणजे ते फिल्टरमधून निघून जातात. म्हणूनच ते डिझेल गढूळ व्हायच्या *आधी*, पुरेशा ऊबेत असताना टाकायचं असतं. एकदा मेण जमल्यावर ओतलेली अँटी-जेलची बाटली म्हणजे पैसे वाया. घाटमाथ्यावर किंवा थंड प्रदेशात जायचं असेल तर खाली, उबदार जागी टाकी भरतानाच टाका आणि थोडी गाडी चालवा, म्हणजे रसायन मिसळलेलं डिझेल फिल्टरपर्यंत पोहोचेल. गोठलेली गाडी सोडवायला वेगळं ‘इमर्जन्सी’ द्रव मिळतं, पण ते नेहमी वापरायचं नसतं.

*पाणी.* पहिला उपाय ड्रेन कॉक, दुसराही ड्रेन कॉक. रसायनं त्यानंतर, आणि ती दोन उलट स्वभावाची असतात. एक प्रकार पाणी डिझेलपासून वेगळं करून तळाशी बसवतो, म्हणजे सेपरेटर ते पकडतो. दुसरा प्रकार पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलमध्येच पसरवतो, म्हणजे ते इंजिनात जाऊन जळावं. कॉमन रेल गाडीला मी पहिलाच प्रकार सुचवेन. एवढ्या दाबाच्या इंजेक्टरमधून जाणूनबुजून पाणी का न्यायचं? अल्कोहोल असलेली ‘वॉटर रिमूव्हर’ तर दूरच ठेवा, त्यांनी डिझेलचं वंगण कमी होतं.

*जंतू.* पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यातली हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी इंधनाच्या टाक्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. बायोडिझेल मिसळलेलं इंधन जास्त पाणी धरून ठेवतं आणि जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत ही तक्रार हमखास येते. बायोसाइड नावाचं औषध त्यांना मारतं, पण मेलेला गाळ टाकीतच राहतो आणि मग फिल्टरमागून फिल्टर चोंदतात. म्हणून क्रम असा: आधी पाणी काढा, गाळ फार असेल तर टाकी धुऊन घ्या, मग बायोसाइड, आणि हाताशी दोन-तीन फिल्टर. हे विषारी रसायन आहे. हातमोजे, चष्मा घालूनच हाताळा आणि सांगितलेल्या मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त नको. नेहमीचा डोस म्हणून तर कधीच टाकू नका.

‘सगळं एकात’ म्हणणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत साधं आहे. बाटलीत जागा तेवढीच असते. सहा कामं लिहिली असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं-थोडं येतं. सांभाळायला ठीक, पण एखादी ठरावीक तक्रार घालवायला एकाच कामाची बाटली बरी.

पायरी ३: लेबल वाचा

वाचायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी देत नाही. मिसळायचं प्रमाण, कमी गंधकाच्या डिझेलला चालतं का, कॉमन रेलला आणि डीपीएफ असलेल्या गाडीला चालतं का, एवढं शोधा. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी धरणारा फिल्टर. काजळी त्यात जळून जाते, पण धातूची राख जळत नाही, साठतच राहते. म्हणून राख न करणारं रसायन असं लिहिलेलं हवं. धातू असलेली रसायनं काही गाड्यांमध्ये कंपनीच स्वतःच्या यंत्रणेतून मुद्दाम देते. ती गोष्ट वेगळी. आपण होऊन तसलं काही ओतू नये. शेवटी गाडीचं मॅन्युअल उघडा. कंपनीने ॲडिटिव्ह नको म्हटलं असेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर विषय संपला.

पायरी ४: मात्रा काढा

इथे गोंधळ होतो म्हणून उदाहरणासह. समजा टाकी ३०० लिटरची, आत ८० लिटर शिल्लक आहे आणि तुम्ही ती पूर्ण भरणार आहात. बाटलीवर १:१००० लिहिलंय, म्हणजे १,००० मिलीलिटर डिझेलला १ मिलीलिटर, अर्थात १०० लिटरला १०० मिली. पहिल्यांदाच टाकताय तर जुन्या ८० लिटरलाही धरा: ३०० मिली. पुढच्या वेळी जुन्यात रसायन आहेच, तेव्हा फक्त नव्या २२० लिटरचं, म्हणजे २२० मिली. प्रमाण १:४०० असेल तर त्याच २२० लिटरला ५५० मिली लागतील. काही बाटल्यांवर प्रमाण नसतं, ‘इतक्या लिटरसाठी’ एवढंच असतं. २५० मिलीची बाटली २५० लिटरसाठी म्हणजे पुन्हा १:१००० च. झाकणाने अंदाज घेऊ नका, खुणा असलेलं माप वापरा. दोन टाक्या असतील आणि दोन्हींतलं डिझेल आपोआप नीट मिसळत नसेल तर मात्रा दोन्हींत त्यांच्या डिझेलप्रमाणे वाटून टाका.

पायरी ५: ओतायची रीत

रसायन आधी, डिझेल नंतर. पंपाच्या धारेचा जोर ते ढवळून देतो. भरल्या टाकीवर वरून ओतलं तर ते बराच वेळ एका जागी राहतं, थंडीत तर जास्तच. इंजिन बंद, आसपास विडी-सिगरेट नाही, कारण कित्येक बाटल्यांमधलं मूळ द्रव डिझेलपेक्षा सहज पेटतं. नरसाळं कोरडं आणि प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं घ्या. जस्ताचा मुलामा असलेली बादली, तांब्या-पितळेचं भांडं डिझेलजवळ आणू नका. इंजेक्टरवर कार्बन जमवायला फार कमी जस्त लागतं. प्रयोगशाळेत इंजेक्टर मुद्दाम घाण करून डिटर्जंट तपासतात, तेव्हा डिझेलमध्ये दहा लाखांत एक भाग एवढंच जस्त मिसळतात.

फिल्टर बदलताना त्याच्या पेल्यात थेट ॲडिटिव्ह भरायची पद्धत काही ठिकाणी आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाला ती खपून जात असे. कॉमन रेलला नको. वरून ओतलेलं न गाळलेलं द्रव फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जाऊ शकतं आणि तिथून पुढे गाळणी नाही. फिल्टर बसवा आणि हँड प्रायमरने किंवा इलेक्ट्रिक पंपाने एअर काढा.

जुन्या गाडीत पहिल्यांदाच डिटर्जंट टाकणार असाल तर मोठा डोस टाळा. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला चिकटलेला थर एकदम सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो. नेहमीच्या मात्रेने सुरू करा आणि लांबच्या फेरीला निघताना जादा फिल्टर व पाना सोबत ठेवा.

पायरी ६: फरक पडला का, ते मोजा

‘गाडी हलकी वाटतेय’ हे माप नाही. बाटलीवर पैसे गेले की गाडी हलकी वाटतेच. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब ठेवा आणि तोही एकाच रस्त्यावर, साधारण सारख्या लोडवर. का ते बघा: ६०० किलोमीटरला १५० लिटर लागले, ॲव्हरेज ४. पण नोझल कधी थोडं लवकर कट होतं, कधी टाकी तिरकी असते, आणि भरण्यात सहज ५ लिटरचा फरक पडतो. १५० लिटरमध्ये ५ लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. म्हणजे बाटलीने दोन टक्के बचत केली असेल किंवा नसेल, एका टाकीत ते कळायचा मार्गच नाही. आधी काही टाक्या ॲडिटिव्हशिवाय मोजा, मग तेवढ्याच टाक्या घालून मोजा. त्या काळात टायरची हवा, फिल्टर, ऑइल यातलं दुसरं काही बदलू नका, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार नाही.

खर्चाची बाजू तोंडी करता येते. रसायनाचा खर्च टाकीभर डिझेलच्या खर्चाच्या दोन टक्के असेल तर डिझेल निदान तेवढं तरी वाचायला हवं. तेवढं वाचत नसेल आणि दुसरी तक्रारही गेली नसेल, तर बंद करा. आणि तक्रार गेली असेल तरीही बंद करून बघा. तीन-चार टाक्यांनी साफ झालेल्या इंजेक्टरला तोच डोस कायम लागत नाही, अधूनमधून पुरतो.

हे मात्र करू नका

रॉकेल मिसळलेल्या डिझेलचं वंगण कमी होतं, सिटेनही पडू शकतो, आणि कित्येक देशांत असं मिसळणं सरळ गुन्हा आहे. पेट्रोल ‘थंडीत बरं’ म्हणून टाकणारे आजही भेटतात. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल पडलं तरी ते कमी तापमानाला पेट घेण्याजोगं होतं, आणि दाबाच्या पंपाची झीज वेगळीच. टू-स्ट्रोक ऑइलचा उपाय जुन्या पंपाच्या जमान्यातला. डीपीएफच्या गाडीत त्याची राख तुम्हालाच महागात पडते. एका टाकीत दोन कंपन्यांची रसायनंही एकत्र करू नका. त्यांचं आपसात जमेलच याची खात्री कुणी देत नाही.

शेवटचं, डीईएफबद्दल. निळ्या झाकणाच्या टाकीत जातं ते डीईएफ, कुणी ॲडब्लू म्हणतं, ते इंधनाचं ॲडिटिव्ह नाही. ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी आहे आणि ते इंजिनाच्या बाहेर, सायलेन्सरच्या लाइनमध्ये, धुरातले विषारी वायू कमी करायला फवारलं जातं. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी फिरवू नका, इग्निशन ऑनसुद्धा नको, कारण कित्येक गाड्यांत चावी फिरवताच टाकीतला पंप द्रव पुढे ढकलतो. गाडी उभी असेल तिथेच टाकी रिकामी करून धुऊन घ्या. डिझेलच्या टाकीतला पंप चालला नसेल तर नुकसान बहुधा टाकीपुरतंच राहतं. चालला असेल तर फिल्टर, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर तपासल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. उलटं झालं, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल किंवा ॲडिटिव्ह गेलं, तरी हाच नियम. गाडी चालवू नका, टाकी रिकामी करून घ्या आणि त्या लाइनमधले रबरी सील व फवारणीचा पंप मिस्त्रीला दाखवा.